माळव्यात काय काय येतं?

माणसाला एखादी खोड असावी, पण ती निदान बोहल्यावर तरी उघडी पडू नये. वनमाला धुरीची तिथंच पडली. कणकवलीकडच्या माहेरच्या मांडवात अंतरपाट धरलेला, वऱ्हाडी अक्षता मुठीत घेऊन तयार, आणि भटजींनी मंगलाष्टक वरच्या पट्टीत नेऊन ताणलं ते नेमकं फाटलं. बाकी सगळ्यांनी तो आवाज शहाण्यासारखा कानाआड केला. नवरीला जमेना. अंतरपाट हलायला लागला. तो धरणाऱ्या मामांना वाटलं, वारा सुटला. पलीकडे उभ्या असलेल्या सहदेव धुरीला मात्र कळलं की हा वारा नव्हे, कारण वारा असा फिस्सकन आवाज करत नाही. मग तोही हसायला लागला आणि दोन गदगदणाऱ्या डोक्यांवर अक्षता पडल्या. ‘पोरगी हसरी आहे हो’ म्हणून मांडवात कौतुक झालं. कौतुक काय ते तेवढंच. पुढं त्याच हसण्यापायी तिनं आयुष्यभर बोलणी खाल्ली.

आता हसणं काही वाईट नाही. पण वनमालेचं हसू वेळकाळ बघायचं नाही. देवळात यायचं, रेशनच्या रांगेत यायचं, बँकेत सही करताना यायचं. सासरे वारले तेव्हा तर तिनं कहर केला. दहाव्याला दहिसर नदीच्या काठी पिंड मांडलेला, कावळा समोरच्या फांदीवर बसलेला, पण शिवायला काही येईना. नातलग एकेक करून पुढे झाले. कुणी म्हणालं, घराचं छप्पर शाकारू. कुणी म्हणालं, म्हातारीला अंतर देणार नाही. कावळा मान वाकडी करून सगळं ऐकून घेत होता आणि जागचा हलत नव्हता. शेवटी चुलतसासरे कासावीस होऊन हात जोडून म्हणाले, “दादा, तुझी छत्री मीच नेलंय. उद्या परत करतंय.” झालं! वनमालेनं पदर तोंडात कोंबला, तरी हसू नाकातून बाहेर पडलं. आणि नवल असं की त्याच क्षणी कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला. सगळा घोळका तिच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघत राहिला. सासूबाई, विमलाबाई, तेवढ्या डोळे पुसत म्हणाल्या, “तेंका सुनेचा हसणा आयकूचा होता.” त्या दिवसापासून निदान घरात तरी तिच्या हसण्याला अभय मिळालं.

शाळेत मात्र अभय देणारं कुणी नव्हतं. वनमाला कांदिवलीला एका मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. सहदेव आधी गिरणीत होता. संपानंतर गिरणी काही पुन्हा सुरू झाली नाही, आणि तो साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला. दिवस अवघड होते, पण घर हसतं होतं. आणि वर्ग तर काय विचारता!

ती कशी शिकवायची हे एकदा सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. समजा तिनं विचारलं, “गाईला पाय किती?” वर्गात दादू नावाचा एक मुलगा होता, तो उभा राहून छातीठोकपणे म्हणायचा, “पाच.” “ते कसे रे?” “पुढे दोन, मागे दोन आणि एक शेपूट.” यावर दुसऱ्या बाईंनी पट्टी काढली असती. वनमाला टेबल धरून हसायची. तिच्या हसण्यात कुचकेपणा नावाला नव्हता. पोरानं तिला काहीतरी खाऊ आणून दिला असावा तशी ती खूश व्हायची. मग दादूही हसायचा, वर्गही हसायचा, आणि हसता हसता दादू पुन्हा मोजायचा आणि चार म्हणायचा. बरोबर उत्तराला तर ती हसायचीच. त्यामुळे तिच्या वर्गात हात वर न करणारं पोर औषधालाही सापडत नसे.

त्या काळी एक चांगली रीत होती. पहिलीचा वर्ग घेणाऱ्या बाई तीच मुलं घेऊन चौथीपर्यंत जायच्या. वनमालेची मुलं आता दुसरीत होती. बरीचशी कोकणातल्या घरांतली, काही वसईकडची. कुणाचा दात पडलाय, कुणाची आई बाळंत झालीय, कुणाला ‘ठ’ उलटा काढायची खोड आहे, सगळं तिला तोंडपाठ. ही पोरं चौथीपर्यंत आपल्या हातून जावीत, एवढीच तिची हाव होती. तिला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ती कधी बोलत नसे आणि आपणही फार बोलायला नको.

पण मागच्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांसमोर तिला हसू आलं होतं, आणि त्यांनी शेरा मारला होता: ‘शिक्षिका वर्गात वारंवार हसतात. शिस्त व दर्जा यांवर परिणाम संभवतो.’ मुख्याध्यापक मार्तंड चुरी म्हणजे वसईकडचे साधे गृहस्थ. माणूस देवमाणूस, पण तपासणी म्हटली की त्यांचं पोट बिघडायचं. त्यांनी वनमालेला ऑफिसात बोलावलं.

“धुरीबाई, परवा तपासणी आहे. नवे साहेब आहेत, ओव्हाळ. त्यांना हसताना कुणी बघितलेलं नाही म्हणे.”

वनमालेला तिथंच हसू यायला लागलं.

“बघा! बघा, आलंच!” चुरी गुरुजी कळवळून म्हणाले. “अहो, पुन्हा तसाच शेरा आला तर मला हा वर्ग तुमच्याकडे ठेवता येणार नाही. तिसरीला तो मला बोंद्रे गुरुजींना द्यावा लागेल.”

बोंद्रे गुरुजींचा वर्ग शाळेत प्रसिद्ध होता. त्या वर्गात माशी बसली तर तिच्या पायांचा आवाज ऐकू यायचा. वनमालेचं हसू जागच्या जागी विझलं. बोंद्रे गुरुजींपुढे दादू गाईच्या शेपटीचा हिशेब मांडतोय, हे चित्र तिच्या डोळ्यांसमोर आलं.

“नाही हसणार,” ती म्हणाली. “शप्पत.”

शपथ घेणं सोपं. संध्याकाळी दहिसरच्या चाळीत तालीम सुरू झाली. सहदेव साहेब झाला. कमरेला लुंगी, अंगात गंजीफ्रॉक, नाकाच्या टोकावर आईचा चष्मा, आणि हातात शेरेबुक म्हणून पोळपाट.

“बाई, तुमचो वर्ग कितवो?” त्यानं घसा खाकरून विचारलं.

“दुसरी.” वनमाला ताठ.

“आणि माझो चष्मो कितवो?”

ती जी कोसळली ती चुलीपर्यंत लोळत गेली. सहदेवला वाटलं, चूक लुंगीची असावी. त्यानं पँट घातली. तिला पँटीचंही हसू आलं. मग त्यानं गंभीर गोष्टी आठवायचा उपाय सुचवला. “संपाचे दिवस आठव. आपण पेजेवर काढले होते ना?” तिनं आठवले. तर त्या दिवसांत सहदेवनं चाळीत फुगे विकायचा धंदा काढला होता, आणि फुगवता फुगवता त्याच्या तोंडावरच अर्धा माल फुटला होता, तेच नेमकं आठवलं. दोघंही भिंतीला टेकून हसत बसली. शेजारच्या बिऱ्हाडातून कुणीतरी ओरडलं, “काय रे सहदेवा, लॉटरी लागली काय?”

विमलाबाई हे सगळं जपमाळ ओढत बघत होत्या. त्या उठल्या, फडताळातून एक बरणी काढली आणि काळपट वाळकी फळं सुनेच्या तळहातावर ठेवली. तिरफळं! कोकणात बांगड्याच्या आमटीत घालतात ती. आमटीत बरी, पण चुकून दाताखाली आली की जीभ, ओठ, गाल, सगळं बधिर होऊन जातं.

“गो, एक गालात धर,” सासूबाई म्हणाल्या. “साहेब इलो की चाव. तोंडच बधिर झाला तर हसू येतला खयसून?”

असा अक्सीर इलाज कुठल्या डॉक्टरनं दिला नसता. वनमालेनं तिरफळं पदराच्या गाठीला बांधली.

तपासणीचा दिवस उजाडला. शाळा नवरीसारखी नटली होती. दारात रांगोळी, फळ्यावर सुविचार, बोंद्रे गुरुजींच्या वर्गातून उसना आणलेला पक्ष्यांचा तक्ता. चुरी गुरुजी सकाळपासून सहा वेळा व्हरांड्याच्या टोकाला जाऊन आले होते. पावलं वाजली तशी वनमालेनं पाठ फिरवली आणि तिरफळ कचकन चावलं.

वर्गाची तपासणी सुरू झाली. मुलं उठली आणि “एक साथ नमस्ते” म्हणाली. आत आले ते उंच, शिडशिडीत, खादीचा शर्ट घातलेले गृहस्थ. अंबादास ओव्हाळ. चेहऱ्यावर रागही नव्हता आणि लोभही नव्हता. शाळेच्या घड्याळासारखा चेहरा.

“बसा. बाई, कोणता पाठ चालू आहे?”

वनमालेची जीभ तोवर तिची राहिली नव्हती.

“भादीपाला,” ती म्हणाली.

“काय?”

“भादीपाला, ताहेब.”

साहेब चुरी गुरुजींकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, “बाईंना जिभेचा काही त्रास आहे का?”

“कालपर्यंत नव्हता, साहेब,” चुरी गुरुजी घाबरून म्हणाले.

एरवी एवढ्यावर वनमालेनं छप्पर उडवलं असतं. पण इलाज लागू पडला होता. ओठ दगड, गाल दगड. तोंडावर शोकसभेला बसल्यासारखी कळा. मनातल्या मनात तिनं सासूबाईंना नमस्कार केला.

गडबड भलत्याच ठिकाणी झाली. मुलांनी बाईंचा असा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. पहिल्या बाकावरच्या जानकीनं शेजारणीला चिमटा काढला आणि डोळ्यांनीच विचारलं, काय झालं? शेजारणीनं खांदे उडवले. ती काळजी मागच्या बाकापर्यंत पोचली.

“सात आणि आठ किती?” साहेबांनी विचारलं.

कुणाचा हात वर नाही. सात आणि आठ! अहो, ती पोरं झोपेत सांगायची.

“बरं, आठवड्याचे वार कोण म्हणेल?”

गप्प.

“तुझं नाव काय, बाळ?”

दादूनं वनमालेकडे बघितलं. तिथं हसू नव्हतं. म्हणजे नावही चुकत असणार, असं धरून तो गप्प राहिला.

चुरी गुरुजींनी भिंत धरली. वनमाला तर हबकूनच गेली. तिनं मुलांकडे बघून मान हलवली, भुवया उडवल्या, हातानं ‘सांगा, सांगा’ असं केलं. पण दगडी चेहऱ्यावर उडणाऱ्या भुवया बघून मुलं आणखीच घाबरली. साहेबांनी शेरेबुक उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं. ‘वर्ग मुका आहे’ असं काहीतरी ते लिहिणार, हे तिला चार हातांवरून वाचता येत होतं. ती हसली असती तर वर्ग गेला असता, आणि आता न हसताही वर्ग चालला होता. इकडे आड, तिकडे विहीर.

साहेब लिहिता लिहिता थांबले. त्यांना त्या भेदरलेल्या पोरांची दया आली असावी. ते पहिल्या बाकाशी वाकले, आवाज मऊ केला, आणि पोरांना जवळ घेताना माणूस घरचं बोलतो तसं बोलले, “घाबरू नका रे लेकरांनो. सोपं विचारतो. माळव्यात काय काय येतं?”

आता घाटावर माळवं म्हणजे भाजीपाला. वनमालेला हे ठाऊक होतं, कारण चाळीतल्या साताऱ्याच्या वहिनी रोज संध्याकाळी माळवं निवडत बसायच्या. पण मुलांनी हा शब्द बापजन्मी ऐकला नव्हता. जानकी शेजारणीच्या कानात कुजबुजली, म्हणजे तिला वाटलं ती कुजबुजली, प्रत्यक्षात तेवढ्यात फळ्याकडे वळलेल्या साहेबांखेरीज अख्ख्या वर्गाला ऐकू गेलं, “साहेबांना मालवणात म्हणायचंय गं. जीभ वळत नाय त्यांची.”

हे सगळ्यांना पटलं. बाईंची जीभ आज वळत नव्हती, साहेबांचीही नसेल. आणि मालवणबद्दल विचारल्यावर कोकणातलं पोर कसं गप्प राहणार?

“बांगडे येतात,” जानकी हळूच म्हणाली.

“काय येतात?”

“बांगडे. आणि तारले.”

साहेबांनी डोळे मिटून उघडले. “माळव्यात बांगडे?”

“येष्टी पण येते साहेब,” दादू उठून उभा राहिला. मालवणबद्दल त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याचं आजोळच होतं तिथं. “रातराणी येते. मग आजी येते न्यायला.”

“भरती येते,” मागून कुणीतरी म्हणालं.

“लाईट येते आणि जाते.”

“अरे, माळव्यात!” साहेब कळकळून म्हणाले. “जमिनीतून येतं ते!”

“गांडूळ?” दादूनं विचारलं.

वनमालेच्या पोटात खालपासून काहीतरी उकळत वर यायला लागलं. तिनं तिरफळ आणखी जोरात चावलं. डोळ्यांतून पाणी आलं. आणि त्या पाण्यातून तिला दादू दिसला. तो साहेबांकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. चुकलं हे त्याला कळलं होतं, आणि आता पुढं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं, कारण बाई हसत नव्हत्या. त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला. दादू! गाईला पाच पाय देऊन राजासारखा उभा राहणारा दादू चुकलो म्हणून रडकुंडीला आला होता.

खड्ड्यात गेला तो शेरा, वनमालेनं मनाशी म्हटलं. तिनं तिरफळ रुमालात थुंकलं आणि ती हसली. बधिर ओठांनी, वाकड्या तोंडानं, खुर्चीची पाठ धरून, डोळ्यांतलं पाणी गालांवरून वाहत असताना ती अशी हसली की पक्ष्यांचा तक्ता खिळ्यावरून सुटून खाली आला. पोरांच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि सगळा वर्ग खदखदला.

साहेब सरळ उभे राहिले. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“हसा, बाई,” ते शांतपणे म्हणाले. “मला सवय आहे. बार्शीकडच्या आमच्या बौद्धवाड्यातून ट्रेनिंग कॉलेजला आलो, तर पहिल्याच दिवशी जेवायला बसताना विचारलं, आज माळवं कशाचं? पुढं वर्षभर पोरं मला ‘ए माळवं’ म्हणूनच हाक मारायची. तेव्हापासून हा शब्द तोंडाबाहेर काढला नव्हता. आज या लेकरांपुढं कसा सुटला, कोण जाणे.”

  वनमालेला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आपलं हसू कुणाला असं लागेल हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. बोलणी खाण्याचं तिला काही वाटत नसे, पण कुणाचं मन दुखवलं असेल तर ते तिला सोसत नसे. ती घाईघाईनं पुढे आली आणि म्हणाली, “तुम्माला नाई हतले, ताहेब! देवातप्पत!”

शपथ खरी होती, पण ऐकणाऱ्याला ती थट्टाच वाटली असती. साहेब दाराकडे वळले.

“साहेब,” मागून दादू म्हणाला, “बाई तुम्हाला नाय हसल्या. मला हसल्या.”

साहेब थांबले.

“मी गांडूळ बोललो ना, ते चुकलं. माझं चुकलं की बाई मला हसतात.” हे दादूनं अशा थाटात सांगितलं की जणू त्याला बक्षीसच मिळत होतं.

“ए, जा रे!” जानकी उसळली. “माझ्या बांगड्यांना हसल्या त्या. आधी मी चुकले.”

“काल मला किती हसल्या, माहितीय? मी सोमवारच्या नंतर बुधवार सांगितला!”

“मला रोज हसतात!”

“तुझ्यापेक्षा मला जास्त!”

बाकाबाकावर भांडण जुंपलं. बाई कुणाला जास्त हसतात, यावरून पोरं हमरीतुमरीवर आली. साहेब दारातून परत आले आणि दादूच्या बाकाशी उभे राहिले.

“चुकल्यावर बाई हसतात, तर तुला वाईट नाही वाटत?”

दादूनं विचार केला. हा प्रश्न त्याला माळव्यापेक्षाही अवघड गेला असावा. “नाय,” तो म्हणाला. “बाई हसल्या की परत सांगायचं.”

“आणि परत चुकलं तर?”

“परत हसतात.”

“बरोबर आलं तर?”

“तेव्हापण हसतात!” हे सगळ्या वर्गानं एका सुरात सांगितलं. साहेबांना एवढं साधं कसं कळत नाही, याचंच पोरांना नवल वाटत होतं.

“मग मघाशी तोंडं का शिवली होती?”

“बाई हसत नव्हत्या,” जानकी म्हणाली. “आम्हाला वाटलं, बाईंचं कोणतरी वारलं.”

साहेबांनी वनमालेकडे बघितलं. तिनं निमूटपणे पदराची गाठ सोडली आणि उरलेलं तिरफळ टेबलावर ठेवलं. “हतू येऊ नये म्हणून,” ती म्हणाली. मग चुरी गुरुजींनीच मागच्या शेऱ्याची हकिगत अडखळत सांगितली. साहेबांनी ते फळ उचललं, हुंगलं, आणि परत ठेवलं. चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. त्यांनी खुर्ची मुलांच्या समोर ओढून घेतली आणि ते बसले.

“सात आणि आठ?”

सगळे हात वर. “पंधरा!” आणि एक “चौदा!” वनमाला हसली, चौदाचे पंधरा झाले. वार झाले, पाढे झाले, कविता तर पोरांनी थांबवेपर्यंत म्हटली. माळवं म्हणजे भाजी, हे कळल्यावर दादूनं भेंडीपासून भोपळ्यापर्यंत सगळा बाजार मांडला आणि शेवटी सवयीनं बांगडाही घातला. साहेब विचारत गेले, पोरं चुकत गेली, सुधारत गेली. मुलं बाकांवरून निम्मी उठून साहेबांच्या खुर्चीशी कधी आली ते कुणाला कळलंही नाही.

“साहेब, आता आम्ही विचारू?” जानकी म्हणाली.

“जानके, खाली बस!” चुरी गुरुजी ओरडले.

“विचारू द्या,” साहेब म्हणाले. “विचार.”

“झील म्हणजे काय?”

“झील?” साहेबांना हायसं वाटलं. “तळं!”

वर्ग फुटला. “झील म्हणजे मुलगा, साहेब! दादू आपल्या आईचा झील!” आणि वनमाला? ती तर तोंडावर हात दाबून फळ्याला टेकली होती. चुरी गुरुजींनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी एकदा मुलांकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. क्षणभर ते जुने दिवस त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेले असावेत. मग ते सावकाश म्हणाले, “बाई हसल्या. म्हणजे परत सांगायचं. पुढचा शब्द विचारा.”

“चेडू!”

“चेंडू. खेळायचा.”

“चेडू म्हणजे मुलगी!” पोरं बाकांवर हात आपटायला लागली. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि ओठांचे कोपरे काही केल्या जागेवर राहत नव्हते.

“शेवटचा!” दादूनं मोठ्या तयारीनं बाण काढला. “वांगड!”

आता मात्र साहेबांनी मांडीवर थाप मारली. “हे मला येतं! वांगं! माळव्यात येतं!”

त्यापुढं वर्गाचं काय झालं हे सांगायला शब्द नाहीत. जानकी बाकाखाली गेली. शेजारच्या वर्गातून बोंद्रे गुरुजी डोकावून गेले. आणि ज्यांना हसताना कुणी बघितलेलं नव्हतं ते ओव्हाळ साहेब चष्मा काढून डोळे पुसत होते, खांदे हलत होते, आणि “वांगं नाही? वांगं नाही?” असं विचारत होते. चुरी गुरुजीसुद्धा हसले. त्या आठवड्यात त्यांच्या पोटाला तेवढाच आराम मिळाला.

“मग वांगड म्हणजे काय?” साहेबांनी विचारलं.

दादूनं तोंड उघडलं. तेवढ्यात साहेबांनीच हात वर केला. “थांब. सांगू नको.” ते उठले, शेरेबुक काखेत मारलं आणि चुरी गुरुजींकडे वळले. “गुरुजी, पुढच्या वर्षी तिसरीला ही मुलं कुणाकडे?”

“ते… तसं अजून…” गुरुजी चाचरले.

“बाईंकडेच राहू देत. तिसरीला आणि चौथीलाही. माझं एक उत्तर चुकलंय, ते मला परत सांगायला यायचंय. दुसऱ्या कुणाच्या वर्गात मी ते कुठं सांगत बसू?”

वनमालेला आभार मानायचे होते. पण बधिर जिभेवर अजून तिचा भरवसा नव्हता. तिनं नुसते हात जोडले. साहेबांनीही जोडले आणि ते व्हरांड्यातून जिन्याकडे निघाले.

कोकणात वांगड म्हणजे सोबत. आईच्या वांगडा बाजारात जायचं, आजीच्या वांगडा झोपायचं. इतका सोपा शब्द पोटात ठेवायचा म्हणजे दुसरीतल्या पोराला शिक्षाच. दादूनं थोडा वेळ ओठ आवळून धरले, मग तो बाकावरून उडी मारून व्हरांड्यात धावला, मागून सगळा वर्ग, आणि सगळ्यांच्या मागून वनमाला. साहेब खालच्या वळणावर पोचले होते.

“साहेब!” दादू कठड्यावरून वाकून ओरडला, “वांगड म्हणजे सो…”

साहेबांनी दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले आणि ते हसत हसत, दोन दोन पायऱ्या एकदम उतरत, पळत सुटले.